रबरी अंगठा

माझ्या जावेचा हात मी कुठंही ओळखीन. बोटभर प्लास्टिकच्या ठोकळ्यात लपला असला तरी ओळखीन. आणि तो तिथंच होता, माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्याच पडद्यावर. जाडजूड निळी रेघ, माझ्या पोरीच्या बारीक पिवळ्या रेघेला अगदी खेटून बसलेली. माझी स्वतःची हिरवी रेघ शोधायला मला पडदा मोठा करावा लागला.

मी रसिका साळोखे. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे, तिथं 'सांगड' नावाचे ठोकळे बनतात. एकावर एक दाबून बसवायचे, ओढून काढायचे. घर करा, ट्रक करा, हत्ती करा. ठोकळा किती जोरानं बसतो, किती जोरानं सुटतो, पोरानं चावला तर काय, गच्चीवरून फेकला तर काय, हे बघायचं काम माझं. लोकांना वाटतं खेळण्यांच्या कारखान्यात नोकरी म्हणजे मज्जा. या एकदा आणि मशीनच्या त्या आवाजात दिवस काढून दाखवा.

आता ठोकळ्यात हात कसा दिसतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला बाईचं वेड वाटेल.

साध्या ठोकळ्याचं प्लास्टिक म्हणजे तीन मालांची मिसळ. एक माल कडकपणा देतो, एक चकाकी देतो, आणि तिसरं असतं चक्क रबर. ते बारीक कणांनी आत पसरलेलं असतं, म्हणून ठोकळा आपटला तरी फुटत नाही. खिडकीच्या काचेचं प्लास्टिक वेगळं, ट्रकच्या आसाचं गुळगुळीत प्लास्टिक वेगळं, झाडाची पानं वाकायला पाहिजेत म्हणून ती बादलीच्या जातीच्या मऊ प्लास्टिकची, आणि टायर रबराचे. पोराच्या हातात एक ट्रक दिसतो तेव्हा त्यात चार-पाच जातींचा दाणा वितळलेला असतो.

प्लास्टिक म्हणजे शिजलेल्या शेवया. तापवल्या की एकमेकींवरून घसरतात, म्हणून ते वितळतं. रबर म्हणजे त्याच शेवया, पण जागोजाग गाठी मारलेल्या. ताणलं तरी सोडल्यावर जागेवर येतं. आमच्या कारखान्यानं या दोहोंच्या मधला एक माल आणला. त्याच्या गाठी पक्क्या नसतात. अंगाची ऊब आणि दाब मिळाला की त्या सावकाश सुटतात आणि सरकून दुसरीकडं बसतात. कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला 'गाठाळ' म्हणतो. ठोकळ्याच्या आत, जिथं पकड असते तिथं, गाठाळचा पातळ थर असतो. एखादा हात रोज तोच ठोकळा त्याच बोटांनी, त्याच बाजूला कलवून ओढत राहिला, की गाठी त्याच्या सोयीनं सरकतात. ठोकळा त्या हाताला सहज सुटतो. दुसऱ्या कुणी आपल्या पद्धतीनं ओढला तर हटत नाही. आणि तो हात जसजसा तयार होतो तसतसा थर हळूहळू घट्ट होत जातो, म्हणजे बोटांना आपोआप व्यायाम. कुठल्या हातानं किती दाबलं, किती ओढलं, हे आमच्या मशीनला थरात वाचता येतं. त्याच या रेघा.

माझी कावेरी साडेचार वर्षांची. जन्मताना तिच्या उजव्या खांद्याची शीर ओढली गेली आणि तो हात कमजोर राहिला. चमचा धरला तर पडायचा. तिच्यासाठी हे ठोकळे म्हणजे औषध होते. म्हणून बाजारात यायच्या आधीच चाचणीचा एक संच मी घरी आणला, त्यातला एखादा ठोकळा अधूनमधून मशीनवर वाचायला परत न्यायचे. मी आणला, एवढं लक्षात असू द्या.

आणि खेळायला बसते कोण? तर माझी मोठी जाऊ, केतकीताई. ती सकाळी शाळेत मुलींना कबड्डी शिकवते, दुपारपासून घरी असते. तिची स्वतःची लेक पुण्याला कॉलेजात. हात म्हणजे फावडी आहेत नुसती, एके काळी राज्याच्या संघातनं खेळलेली बाई. आमच्याकडं थोरल्या जावेला पोरं 'मोठी आई' म्हणतात. रीतच आहे, मला लग्नाच्या आधीपासून माहीत होती. पण माहीत असणं वेगळं, आणि दमूनभागून घरी आल्यावर आपल्याच पोरीच्या तोंडून ते दर वाक्याला ऐकणं वेगळं. मोठ्या आईनं असं केलं, मोठी आई असं म्हणाली. ती मोठी, मग मी कोण?

माय मरो पण मावशी जगो, ही म्हण ज्यानं काढली तो मला भेटायला पाहिजे एकदा.

पडद्यावर ती निळी रेघ बघितली त्याच आठवड्यात रविवारी मी मुद्दाम पोरीजवळ मांडी घालून बसले. तिनं हत्ती केला होता. त्याची सोंड मला काढायची होती. मी ओढली, हटेना. दोन्ही हातांनी ओढली, तरी हटेना. ज्या ठोकळ्याची पकड मी ठरवते, तो ठोकळा मला दाद देईना. कावेरीनं हत्ती माझ्या हातातनं घेतला, म्हणाली, "सोड आई, तुला येत नाही," आणि उजव्या हातानं, त्या हातानं, जरा डावीकडं कलवून सोंड टचकन काढली.

शहाण्या बाईनं त्या क्षणी पेढे वाटले असते. मी काय बघितलं? सोंड निघाल्यावर पोरीनं आधी केतकीताईकडं बघितलं, हे बघितलं. माझ्याकडं नाही. कोल्हापुरात म्हणतात तसं, जाळ अन् धूर संगटच.

नवऱ्याला सांगितलं. हर्षवर्धन आधी हसला. म्हणाला, तुझ्याच मालानं तुलाच नापास केलं की. मग माझं तोंड बघून शहाणपणा शिकवायला लागला. वहिनी आहे म्हणून आपण दोघं निर्धास्त नोकऱ्या करतोय, तिचे पाय धरायचे सोडून तू तिच्यावर जळतेस. बरोबरच होतं त्याचं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा जास्त राग येतो. मला नोकरीही पाहिजे होती आणि पोरीच्या ठोकळ्यातली जाड रेघही पाहिजे होती. दोन्ही मागितलं की बाई हावरट ठरते. ठरू दे.

माझ्या विभागात एक मशीन आहे. त्याला रबरी टोकांचा चिमटा असतो. तो ठोकळा बसवतो, काढतो, बसवतो, काढतो. माझ्याकडं वेळ नव्हता, पण मशीनकडं होता. मी प्लास्टरमध्ये माझा अंगठा आणि शेजारचं बोट दाबून साचा केला आणि त्यात रबर ओतलं. पहिला अंगठा कडक झाला. त्यानं ओढलेला ठोकळा वाचला तर रेघ माणसाची वाटेना. मग रबरात तेल मिसळलं. रबर मऊ करायचं तर तेलच घालतात, टायरलाही घालतात. आणखी मिसळलं, आणखी, असं करत करत शेवटी माझ्या मांसासारखा लुसलुशीत अंगठा तयार झाला. त्याला अंगाइतकी ऊब दिली, माझ्या ओढायच्या सवयीप्रमाणं चिमट्याची चाल लावली. सरळ, एका झटक्यात.

सोमवारी कावेरीचा संच डब्याच्या पिशवीत घालून घेऊन आले. घरी सांगितलं, ठोकळे तपासणीला न्यायचेत, आठवडाभर जातील-येतील. सकाळी न्यायचे, संध्याकाळी परत आणायचे. वर मी मीटिंगमध्ये मान डोलवत बसायची, आणि खाली माझा अंगठा माझ्या पोरीच्या ठोकळ्यांशी खेळत असायचा. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मला फार बरं वाटलं. दुपारी जेवताना वाटायचं, मी आत्ता तिच्याजवळच आहे.

शुक्रवारी रेघा बघितल्या. हिरवी रेघ उसाच्या कांडासारखी जाड. निळी कुठं तरी तळाशी. पिवळीही बारीक झाली होती. मला वाटलं, असेल, ती पोर आहे, काढील भरून. एका ठोकळ्यात दहा हात मावतात, हे मीच लोकांना सांगत असते. पण माणसाचा हात दमतो, थांबतो, कंटाळतो. मशीनला दमणं माहीत नाही. हा साधा हिशेब मी केला नाही. करायचा नव्हता म्हणून केला नाही.

रविवार कसा गेला म्हणून सांगू! ठोकळे माझ्या हातात लोण्यासारखे सुटत होते. एक घर डब्यात मावेना म्हणून केतकीताईनं त्याचं छप्पर ओढून बघितलं, ते तिला सुटेना. तिनं आपल्या हाताकडं बघितलं आणि हसून म्हणाली, वय झालं वाटतं माझं. मी मान खाली घालून पुढचा ठोकळा काढला. कावेरीनं एक ठोकळा ओढून बघितला, मग माझ्याकडं दिला. तू काढ म्हणाली. मी काढला. तिनं दुसरा दिला. तोही काढला. सगळी दुपार ती देत गेली आणि मी काढत गेले. 'आई, हे. आई, हे.' दर खेपेला 'आई'. आणि 'मोठी' कुठंच नाही. मी इतकी खुशीत होते की तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून आहे, हे मला दिसलंच नाही.

पुढच्या आठवड्यांत मी घरी यायच्या आधी कावेरी ठोकळ्यांना हातच लावत नसे. डबा माझ्यासाठी राखून ठेवलेला असायचा. मी आले की उघडायचा. मला वाटलं, जिंकले.

मग एकदा केतकीताई म्हणाली, अगं, कावेरी चमचा डाव्या हातानं धरायला लागलीय, तू बघितलंस का? मला वाटलं टोमणा मारतेय. तुझं लक्ष नसतं, असं सुचवतेय. मी तोडून उत्तर दिलं की मला डोळे आहेत. पण जेवताना बघितलं. डाव्या हातातच होता चमचा. उजवा ताटाखाली.

डॉक्टरीणबाईंकडं तपासणीला गेलो. त्या पोरीच्या मुठीत एक रबरी फुगा देतात आणि दाबायला सांगतात, समोर काटा हलतो. या वेळी काटा मागच्या वेळेच्या अर्ध्यावर थांबला. बाईंनी भुवया वर केल्या आणि विचारलं, ठोकळ्यांचा व्यायाम बंद केलात का? आता बंद करून चालणार नाही, या वयात हात सुधारतो तो सुधारतो, नंतर आपण कितीही धडपड केली तरी फारसं हातात राहत नाही. मी तोंड उघडायच्या आत कावेरीच बोलली.

"ठोकळे आता माझं ऐकत नाहीत. माझा हात परत आजारी पडलाय."

किती शांतपणे बोलली. जसं काही तिनं ते स्वीकारून टाकलं होतं. मला त्या खुर्चीत बसवेना.

दुसऱ्या दिवशी ठोकळे घेऊन थेट भट्टीपाशी गेले. गाठाळ चांगला तापवला की सगळ्या गाठी मोकळ्या होतात आणि थर कोरा होतो. माझ्या हाताची रेघ गेली तर गेली, निदान पोरीचा हात पहिल्यापासून गिरवता येईल. तापवले, थंड केले, वाचले. हिरवी रेघ तशीच. आणखी तापवले. ठोकळे कडेनं तडकायला लागले, रेघ तशीच.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तेल. गाठी सोडवण्यासाठी गाठाळमध्ये एक औषध घातलेलं असतं. माझ्या लुसलुशीत अंगठ्यातलं तेल दिवसेंदिवस ठोकळ्यात मुरत गेलं आणि त्यानं ते औषध धुऊन नेलं. आता त्या गाठी कधीच सुटणार नव्हत्या. टायर आणि ठोकळे एका पिशवीत भरू नयेत, रबराचं तेल प्लास्टिकला लागतं, अशी पाटी आमच्या पॅकिंगच्या भिंतीवर आहे. खाली सही माझी आहे. जगातल्या कुठल्याही आईनं जावेवर जळून काय काय केलं असेल, पण ही चूक करायला चाचणी विभागाचीच बाई लागते.

नवा संच मिळाला. तो आणणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते घरात सांगणं. मी स्वयंपाकघरात गेले. केतकीताई कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं, मशीन, अंगठा, तेल, सगळं. आणि सांगता सांगता माझा आवाज चढला. चूक माझी, तरी ओरडत मीच होते. तुमचा हात तिच्या हाताइतकाच होता त्या ठोकळ्यांत, म्हटलं. माझा शोधावा लागला. मी आई आहे तिची.

ती मळत राहिली. मग हात थांबवून म्हणाली, "माझा हात काढताना कधी दिसला का तुला? नीट बघितलंस? मी फक्त बसवायची. काढायचं तिनं. डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं होतं, तू तेव्हा बाहेर फोनवर होतीस. पहिल्यांदा पोरगी रडायची, मला चावायचीसुद्धा. मी हात काखेत घालून बसायचे, काही झालं तरी काढून द्यायचं नाही म्हणून."

मशीन दाबलेलं आणि ओढलेलं वेगवेगळं दाखवतं. रेघ वर किंवा खाली असते. मला ते येतं, मी दुसऱ्यांना शिकवते. मी फक्त रंग बघितला होता.

मला वाटलं आता ती मला बोलेल, आणि बोललेलं बरं असंही वाटलं. तिनं कणकेच्या हातानंच कपाळावरचे केस मागं सारले.

"आणि तुला काय वाटतंय, जळायला तुला एकटीलाच येतंय? दिवसभर पोरगी माझ्या मांडीवर. आणि संध्याकाळी तुझ्या गाडीचा हॉर्न वाजला, की उडी मारून पळाली. हातातलं टाकून. एकदासुद्धा मागं वळून बघत नाही ती माझ्याकडं, रसिका. रोज. मी ठोकळे गोळा करते."

मी पोळपाट-लाटणं घेतलं आणि लाटायला लागले.

नवे ठोकळे कोरे होते. कावेरीनं पहिल्याच दिवशी ते भिंतीवर फेकले. माझा हात आजारी आहे म्हणाली आणि डाव्या हाताच्या मुठीनं उजव्याला मारलं. शनिवार-रविवार मी बसायचे. मी बसवायचे, तिनं काढायचं. दर खेपेला माझी बोटं आपोआप पुढं जायची, आणि दाराशी उभी असलेली केतकीताई खाकरायची. मी हात काखेत घालायचे. कावेरी रडायची, तू वाईट आहेस म्हणायची, मोठी आई पाहिजे म्हणायची. मोठी आई दारातच असायची, पण ती आत यायची नाही. हे ऐकून घेणं म्हणजे काय असतं, ते ज्या बाईनं ऐकलंय तिलाच कळेल. इतर दिवशी केतकीताई बसायची, तीही तेवढंच ऐकायची. तेव्हा पोरीला 'आई पाहिजे' असायची. असं तिनं मला सांगितलं. मला खूश करायला सांगितलं असेल, पण मी ठेवून घेतलं.

काटा हलला तो पावसाळा संपल्यावर, तोही केसभर.

परवा कामावरनं लवकर सुटले. आजकालच्या विजेच्या गाड्यांना आवाज नाही, हॉर्न दिल्याशिवाय घरात कळतच नाही कोण आलं. गल्लीच्या तोंडाशी आले, हात हॉर्नवर गेला, आणि मी थांबले. तिथून आमचा कट्टा दिसतो. कट्ट्यावर केतकीताई बसली होती, दोन्ही फावडी काखेत खुपसून. समोर कावेरी. उजव्या हातात ठोकळा. तोंड लाल झालं होतं, ओठ दातात धरला होता. डावीकडं कलवून ती ओढत होती. सुटेना. पुन्हा धरला. मी गाडी बाजूला घेतली आणि तशीच बसून राहिले. मनात म्हटलं, आता हॉर्न वाजवला तर टाकून पळत येईल. हातातलं सगळं टाकून, माझ्याकडं.

वाजवला नाही. कितीतरी वेळ वाजवला नाही.

ठोकळा सुटला. पोरीनं तो डोक्यावर धरला आणि केतकीताईच्या गळ्यात उडी टाकली. दोघी कट्ट्यावर अशा काही हसत होत्या की गाडीत काचा बंद असूनही मला ऐकू आलं. तिच्या मुक्यांनी जावेचा गाल ओला झाला असेल. मी सगळं बघितलं. पोरीचा हात चालला म्हणून डोळ्यांत पाणी आलं, आणि तो दुसरीच्या गळ्यात पडला म्हणून पोटात आग पडली. दोन्ही खरं. मी पाणी पुसलं. आगीचं काही करता आलं नाही.

केतकीताईला अजून जरा वेळ मिळू दे म्हणून मनात आकडे मोजायला लागले.

दहापर्यंतही पोचले नाही. हॉर्न वाजवला, चांगला लांबलचक.